पहिलीच्या वर्गातील एक आठवडा

(सिल्लोड येथे शिक्षक आणि पालक यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यवसायाने पत्रकार आहे. गेली जवळपास तीस वर्षे दर जून महिन्यात दहावी-बारावीचे निकाल, गुणवंतांची छायाचित्रे आणि त्यांच्या आई-वडिलांच्या मुलाखती छापत आलो. या तीस वर्षांत पहिलीच्या वर्गाची मी दिलेली बातमी मात्र एकच, तीच ती, दरवर्षीची. शाळेचा पहिला दिवस, दाराला तोरण, मुलांच्या हातात गुलाबाचे फूल, आणि त्यांच्यापेक्षा पाहुण्यांचेच चेहरे ठळक दिसणारे एक छायाचित्र. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात काय झाले, हे पाहायला मी कधी गेलो नाही. माझ्या माहितीतले दुसरे कोणीही गेले नाही.

ही रुखरुख मनात होती. म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आठवड्यात, आपल्याच तालुक्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, मागच्या भिंतीशी सतरंजीवर बैठक मारली आणि शक्यतो तोंड उघडायचे नाही, असे ठरवले. गावाचे, शाळेचे, बाईंचे किंवा मुलांचे नाव आज सांगणार नाही. सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगताना त्याला सभेत उभे करू नये, एवढे पथ्य पत्रकारानेही पाळायला हवे.

शाळा दोन शिक्षकांची. गुरुजींकडे तिसरी-चौथी, बाईंकडे पहिली-दुसरी. एका खोलीत दोन वर्ग, एक फळा, मधोमध खडूची उभी रेघ. पहिलीच्या पटावर चौदा मुले, दुसरीच्या पटावर अकरा.

सोमवार : हजेरी

सोमवारी बाईंनी हजेरी घेतली. चौदापैकी नऊ हजर. मला वाटले, आता बाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत. ‘बाकीचे कुठे गेले रे?’ एवढेच त्यांनी विचारले. मुले एका सुरात म्हणाली, ‘तोडायला!’

आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. सिल्लोडची हिरवी मिरची दूरदूरच्या बाजारात जाते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु तोडणीचे आणि पहिलीचे पहिले महिने नेमके एकाच वेळी येतात. सहा वर्षांचे लेकरू मिरची ती काय तोडणार? ते बांधावर बसून धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणजे आईचे दोन्ही हात मोकळे राहतात. आईला मजुरी किलोवर मिळते. तिच्या त्या मोकळ्या हातांचा हिशेब आपण समजून घेतला नाही, तर तिला शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

बाईंनी काय केले? शाळा सुटल्यावर त्या दोन शेतांच्या बांधांवर गेल्या. उपदेश केला नाही. तीन वर्षांवरील भावंडे शेजारच्याच अंगणवाडीत सकाळी सोडता येतील, तिथल्या ताईंशी माझे बोलणे झाले आहे, एवढे सांगितले. बुधवारी हजेरी बारावर गेली.

हे पाहताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात ताराबाईंनी बालशिक्षणाचा वसा घेतला, १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द त्या अनुभवातून जन्मला. मूल शाळेत येत नसेल, तर ते कुठे आहे हे आधी पाहावे, हा त्या कामाचा पाया होता. आपल्या तालुक्यातील या बाईंनी अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचले आहे की नाही, मी विचारले नाही. मार्ग मात्र त्यांनी तोच धरला होता.

मंगळवार : धुळाक्षरे

मंगळवारी अक्षर होते ‘म’. बाईंनी ते आधी फळ्यावर लिहिले नाही. ‘म म म’ असा आवाज करायला लावला, ओठ कसे मिटतात ते एकमेकांकडे पाहायला सांगितले आणि मग या आवाजाने सुरू होणारे शब्द मागितले. मका आला, मिरची आली, मांजर आले, मोबाईलही आला. एकाने ‘म्हैस’ म्हटले. बाईंनी त्याला चूक म्हटले नाही. ‘म आणि म्ह एकदा हळू म्हणून बघ, काही निराळे वाटते का?’ असे विचारले. त्या मुलाने तोंडासमोर तळहात धरला आणि म्हणाला, ‘म्ह म्हटल्यावर हाताला वारं लागतंय.’ मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालो. महाप्राण ध्वनीची इतकी नेमकी व्याख्या मी महाविद्यालयात ऐकली नव्हती.

नंतर ताटात बारीक माती पसरून मुलांनी बोटाने ‘म’ गिरवला. आपल्या भाषेत ‘धुळाक्षरे’ हा शब्द उगाच आलेला नाही. पूर्वीची मुले धूळपाटीवरच अक्षर गिरवीत. चुकले की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. चुकण्याची भीती नाही आणि खोडल्याची खूणही राहत नाही.

मधल्या सुटीच्या आधी एक पालक आले. हातात मुलाची वही. म्हणाले, ‘बाई, दोन महिने झाले, वहीत काही नाही. भावाचं पोरगं इंग्रजी शाळेत आहे, ते ए टू झेड लिहितं. आमच्याला अजून बाराखडी येईना.’

पालकहो, हा प्रश्न रागाचा नाही, काळजीचा आहे. बाईंनी त्यांना खाली बसवले. मुलाच्या हातात मातीचा गोळा दिला आणि सांगितले, ‘याची बोटे अजून बळकट होत आहेत. माती मळू द्या, कागद फाडू द्या, मणी ओवू द्या. मग पेन्सिल आपोआप धरील.’ नंतर त्यांनी चित्रांची गोष्ट मुलापुढे ठेवली. मुलाने पाच चित्रे क्रमाने लावून गोष्ट सांगितली, शेवट तर स्वतःच्या मनाने बदलला. वडील ऐकत राहिले. उठताना म्हणाले, ‘हे ठीक आहे, पण वही?’

त्यांचेही खोटे नाही. आपल्याला वहीवरचे दिसते, मुलाच्या डोक्यात चाललेले दिसत नाही. ५ जुलै २०२१ रोजी देशात ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. त्यात पहिलीच्या अखेरीस अपेक्षा काय आहे? मुलाने न पाहिलेल्या मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांचे छोटे वाक्य वाचावे, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करावी. बस्स, एवढेच. ‘एवढेच’ म्हणतो, पण हे एवढेच आपल्याला जमलेले नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्यांच्या वह्या कोऱ्या असतील, असे मला वाटत नाही. वह्या भरलेल्या असतात, वाचन रिकामे असते.

त्याच दुपारी व्हरांड्यात खिचडीची पंगत बसली. प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, हा या योजनेचा हिशेब आपण कागदावर वाचतो. मी पंगत पाहिली. हात धुऊन सर्व मुले एका ओळीत बसली. तांड्याचे, वस्तीचे, गावातल्या वाड्याचे, सगळे मांडीला मांडी लावून. वाढायला दुसरीची दोन मुले. समरसतेवर मी आजवर पुष्कळ भाषणे ऐकली, काही दिलीही. त्या पंगतीत तो विषय कोणी काढला नाही. तशी गरजही कोणाला वाटली नाही.

बुधवार : सत्तावीस की बहात्तर?

बुधवारी गणित. काड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे, उरलेल्या सुट्या ठेवायच्या. पहिलीची मुले वीसच्या आत होती, दुसरीची पुढे गेलेली. बाईंनी दुसरीच्या एका मुलाला ‘सत्तावीस’ लिहायला सांगितले. त्याने ठामपणे ७२ लिहिले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे संख्यावाचन दिले होते. केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात टोलेबाजी झाली, वृत्तपत्रांत विनोद झाले. त्या चेष्टेत दोन चुरचुरीत परिच्छेद माझेही होते. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द कोणी काढून टाकलेले नाहीत, मुलांना अडते तिथे हा एक पर्याय आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मुलाचा घोटाळा होतो तो तिथेच. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचे म्हणणे मला कळले ते या बुधवारी, त्या मुलाच्या पाटीवरचा ७२ पाहून. वर्गात एक दिवसही न बसता मी वर्गाविषयी लिहिले होते.

बाईंनी त्या मुलाला रागावले नाही. ‘गठ्ठे किती?’ ‘दोन.’ ‘सुट्या किती?’ ‘सात.’ ‘मग गठ्ठे कुठे लिहायचे?’ मुलाने हाताने आकडे पुसले आणि २७ लिहिले. मग स्वतःशीच म्हणाला, ‘दोन गठ्ठे सात, सत्तावीस.’ दोन्ही वाचने त्याच्या तोंडी एकाच श्वासात आली. आमच्या वादात ती एकमेकांची वैरी होती.

गुरुवार : मातीचे बैल

पहिलीतील एका मुलीविषयी मी अजून बोललो नाही, कारण सोमवारपासून तीही काही बोलली नव्हती. ती तांड्यावरची. घरी गोरमाटी बोली बोलतात. मराठी तिला समजते, पण थोडे थांबून. बाई प्रश्न विचारीत, ती पाहत राही. तोवर शेजारचा मुलगा उत्तर देऊन मोकळा होई. आपण अशा मुलांना ‘मंद’ किंवा ‘बुजरी’ म्हणून टाकतो. तिची अडचण बुद्धीची नव्हती. वर्गाची भाषा तिच्या घरची नव्हती.

गुरुवारी खांदेमळणी. उद्या पोळा, म्हणून वर्गात चिकणमातीचे बैल करायचे होते. मुलांनी पाय केले, शिंगे केली, कोणाचा बैल बसका, कोणाचा उंटासारखा. या मुलीचा बैल मात्र बैलासारखा झाला: वशिंड नीट, मान झुकलेली. बाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्यात याला काय म्हणतात, मला सांग ना. मला येत नाही.’

‘मला येत नाही’ हे शिक्षकाच्या तोंडचे वाक्य त्या मुलीने बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावे. तिने हळूच आपल्या बोलीतला शब्द सांगितला. बाईंनी तो वर्गाकडून म्हणवून घेतला. चोवीस मुलांनी तिचा शब्द म्हटला. मग ती थांबेना. आईला ‘याडी’ म्हणतात, भाकरीला ‘बाटी’ म्हणतात, असे तिने बाईंना शिकवले. तिच्या पूर्वजांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ लादून हा देश पालथा घालत होते, सैन्यांना रसद पुरवत होते. बैलाविषयी वर्गात बोलण्याचा पहिला मान खरे तर तिचाच होता.

शनिवार : पहिले वाचन

शुक्रवारी पोळ्याची सुटी. वेशीत बैल आले: झुली, बाशिंगे, घुंगरमाळा. कासरा धरून वडिलांच्या पुढे चालणारी पहिलीची मुले मी ओळखली. वर्गात माझ्याकडे पाहून लाजणारी ही मुले तिथे माझ्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती!

शनिवारी शाळा. २०२४ पासून राज्यात ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. बाईंनी विचारले, ‘काल काय झालं?’ मुले सांगू लागली आणि त्या फळ्यावर लिहू लागल्या, जसे सांगितले तसेच. ‘आमचा बैल पळाला.’ ‘आजोबांनी शिंगं रंगवली.’ प्रत्येक वाक्य लिहिले की बाई शब्दाखाली बोट फिरवीत आणि वर्ग वाचीत असे. मग त्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ‘याडीनं बैलाला पोळी दिली.’

बाईंनी क्षणभरही न थांबता तेच लिहिले. ‘याडी’ची ‘आई’ केली नाही. वर्गाने वाचले. शेवटी त्यांनी मुलीला फळ्याजवळ बोलावले आणि विचारले, ‘यात याडी कुठे आहे?’ तिने सरळ त्या शब्दावर बोट ठेवले.

बंधू-भगिनींनो, वाचन म्हणतात ते हेच. आपल्या तोंडचा शब्द फळ्यावर जाऊन बसला आणि तिथून पुन्हा आपल्याशी बोलला, हे त्या मुलीला उमगले. वर्णमाला तिला अजून पुरी येत नाही, ती येईल. पण अक्षरे आपल्याविषयी काही सांगू शकतात, हा विश्वास त्या शनिवारी तिच्यात आला. ज्या मुलांच्या मनात तो कधीच येत नाही, ती मुले पाचवी-सहावीत पुस्तक समोर धरून मुकी बसलेली आपण पाहतो.

आपले कर्तव्य

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०२५ च्या जूनपासून राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्याच सुमारास पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला. १६ एप्रिल आणि १७ जून असे दोन शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला ते मागे घेण्याची घोषणा झाली. त्या वादात मी शिरत नाही. तिसऱ्या भाषेवर एवढे बोलणाऱ्या आपण सर्वांनी, मुलाच्या पहिल्या भाषेचे वर्गात काय होते, हे पाहिले का, एवढेच मला विचारायचे आहे.

आपण मराठवाड्याची माणसे आहोत. १९१८ साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट परक्या माध्यमातून चालावी लागे. उर्दू भाषेचा त्यात दोष नव्हता; भाषा कोणतीच वाईट नसते. मुलाच्या भाषेला दाराबाहेर चपलांपाशी ठेवून यायला सांगितले जाई, हे दुःख होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते दुःख सरले. मग तांड्यावरच्या मुलीला आपण मराठी शिकवताना तिची ‘याडी’ दाराबाहेर ठेवायला सांगावी का? जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला, तो आपल्याहून लहानाला देणे यालाच मी संस्कार म्हणतो. तिला मराठी उत्तम यायलाच हवी. पण तिच्या बोलीचा हात सोडून ती येणार नाही.

इंग्रजीबद्दलही तेच. इंग्रजीला माझा विरोध नाही. माझ्या मुलांना ती यावी असे मलाही वाटले. मुलाने इंग्रजी ऐकावी, बोलावी, शिकावी. परंतु विचार करण्याची भाषा पक्की होण्याआधी तिच्या जागी दुसरी बसवू नये. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असेच सांगते.

तेव्हा तीन विनंत्या करतो. पालकांना विनंती अशी की, संध्याकाळी मुलाची वही तपासण्याआधी त्याला विचारा, ‘आज काय झालं?’ आणि त्याचे सांगणे पुरते ऐका. शाळाचालकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती अशी की, आपल्याकडचा सर्वांत जाणता शिक्षक पहिलीला द्या. दहावीला कोण शिकवतो याची जाहिरात होते. पहिलीला कोण शिकवतो हे विचारायला शिका. आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की, महिन्यातला एक शनिवार जवळच्या शाळेला द्या. भाषण करू नका. शिक्षकांना विचारून एक गोष्ट सांगा, किंवा मुलांबरोबर मातीत बसा. तोडणीच्या दिवसांत अंगणवाडीपर्यंत दोन लेकरांना सोडायला कोणी गेले, तरी दोन मुले शाळेत येतात. हा हिशेब मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पुढच्या सोमवारी मी निरोप घ्यायला गेलो. तेरा मुले हजर होती. चौदाव्याचे नाव मात्र शाळेतून निघाले होते. मंगळवारी वही घेऊन आलेल्या त्या वडिलांनी मुलाला शहरातल्या शाळेत घातले. सकाळी व्हॅन येते. ते या सभागृहात असतील, तर मी त्यांना दोष देत नाही. आपल्या लेकराचे भले व्हावे, म्हणूनच त्यांनी ते केले. त्यांना एवढेच सांगतो: मुलगा घरी आला की त्याला चित्रांची गोष्ट सांगायला लावा, आपल्या भाषेत. शेवट तो स्वतःच्या मनाने बदलतो. तो त्याला बदलू द्या.